साडेबावीस फेरे

बाबा गेले पहाटे साडेतीनला,
म्हणजे उठायच्याच वेळेला.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी
आईला आधी वाटलं, सायकल काढताहेत.

दाखल्यावर व्यवसाय लिहायचा होता.
धाकटा म्हणाला, महानगरपालिका, पाणीखातं.
आई म्हणाली, शेती.
कारकुनाने मान वर केली. दहिसरात?
होय, दहिसरात. कांदरपाड्यामागे, खाडीच्या अंगाला,
नऊ गुंठे.
त्याने एकच काहीतरी लिहिलं.
काय, ते मी वाचलं नाही.

आजोबा उघाडीवर असायचे.
भरतीला फळी खाली, ओहोटीला वर,
खारं पाणी भातात शिरू द्यायचं नाही,
आयुष्यभराचं काम एवढंच.
बाबांनी तेच काम रस्त्याखाली नेलं.
छातीएवढी उंच लोखंडी चावी,
सायकलच्या दांड्याला सुतळीने बांधलेली,
आणि डोक्यात आकडे.
शाळेपुढचा वॉल्व्ह अठरा फेरे,
पिंपळाखालचा एकतीस,
कोपऱ्यावरचा साडेबावीस, तोही उलटा.
त्यापुढे अर्धा फेरा जरी दिला
तर खालची जुनी नळी, तिला ते म्हातारी म्हणत,
"रडाया लागंल गो. शंबर वरसांची हाय ती."

घरी यायचे सातला.
आई तोवर माठ आणि मुळ्याच्या जुड्या घेऊन
बोरिवलीच्या बाजारात,
म्हणून आम्हा दोघींच्या वेण्या त्यांच्याकडे.
ग्रीसचा वास, खोबरेलाचा वास,
आणि प्रत्येक पेडाला तोंडातल्या तोंडात आकडा.
वर्गात कुणाच्याच वेण्या इतक्या घट्ट नव्हत्या.
पाचव्या तासाला डोकं दुखायचं.
हे त्यांना कधी सांगितलं नाही.
आता सांगते.

गळती ऐकायची त्यांची एक सळई होती,
एक टोक नळीवर, दुसरं कानामागच्या हाडाला.
मला न्यूमोनिया झाला त्या रात्री
त्यांनी ती धोतराच्या फडक्याने पुसली,
माझ्या पाठीवर टेकवली
आणि बराच वेळ ऐकत बसले.
आई ओरडली, काय वेड लागलंय का?
"उजव्या अंगाला पानी हाय," ते म्हणाले.
डॉक्टरनेही तेच सांगितलं,
चाळीस रुपये घेऊन.

भात कापलं की वाल.
वालाला कुणी पाणी घालत नाही, तो दवावर जगतो.
अख्ख्या वस्तीचे हंडे भरणाऱ्या माणसाला
हेच पीक का आवडायचं, विचारायचं राहिलं.
निदान रविवारी तरी
कुणाला पाणी सोडायचं नसेल त्यांना.

बाराव्याला इमारतींतल्या बायका आल्या.
फोटोतला चेहरा एकीलाही ओळखता येईना.
एक म्हणाली, झाकण आपटल्याचा आवाज यायचा
की मी चहा टाकायचे.
सव्वीस वर्षं, रोज.

आणि दारात घुटमळणारा निशिकांत,
कंत्राटावरचा नवा पोरगा.
"ताई, अडलं की काकांनाच फोन करायचो.
कोपऱ्यावरचा फिरतच नाहीये."
खात्याच्या वहीत नव्हतं.
बाबांनी ते कुठे लिहिलंच नव्हतं,
आमच्या डोक्यात गुंफलं होतं फक्त.

दुसऱ्या दिवशी चारला मी गेले.
चावी नवी, हलकी.
उलटा रे, म्हटलं. डावीकडे नाही, उजवीकडे.
एकोणीस. वीस.
तरणा हात, त्याला थांबायचं नव्हतं.
बाविसानंतर मी त्याचं मनगट धरलं.
अर्धाच.

खाली कुणी खाकरल्यासारखं झालं,
मग चालू लागलं.
चाळीच्या आत कुठेतरी कळशी लागली.
निशिकांत मोबाइलवर आकडा लिहून घेत होता.
मला घरी जायची घाई होती.
भिजवलेले वाल सोलायचे होते,
आणि लेकीची शाळा सातची.